विळीचे पाणी



गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील खाद्यजत्रा तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. नववीच्या वर्गाने भेळीचे दुकान मांडले होते आणि कांदे-टोमॅटो चिरण्याचे काम चार मुलींनी व दोन मुलांनी अंगावर घेतले होते. कामाला आरंभ होऊन पाव तास होतो न होतो तोच एका मुलीच्या डाव्या तर्जनीतून रक्ताची धार लागली. जखम खोल होती. दवाखान्यात नेऊन तीन टाके घालावे लागले. संध्याकाळच्या समूहगीताला पेटीची साथ तीच करणार होती. महिनाभर तिने त्यासाठी मेहनत घेतली होती. ती साथ दुसऱ्याला करावी लागली, आणि ही मुलगी पट्टी बांधलेले बोट मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत बसून राहिली.

त्या दिवशी जो तो म्हणत होता, "सुरी फारच धारदार असली पाहिजे." मी ती सुरी उचलून खिडकीपाशी नेली. पाते आरशासारखे चकाकत होते; परंतु धारेवर प्रकाश पडताच टोकापासून मुठीपर्यंत एक बारीक पांढरी रेघ चमकली. ज्या पात्याला खरी धार असते त्याची कड अशी चमकत नाही, कारण प्रकाश परतविण्याइतकी रुंदीच तिच्यापाशी नसते. थोडक्यात, ती सुरी बोथट होती. टोमॅटोच्या गुळगुळीत सालीत तिला शिरता आले नाही, मुलीने जोर केला, पाते सालीवरून निसटले आणि तो सगळा जोर बोटावर आला. आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या सुऱ्या बाजारातून मीच आणल्या होत्या, आणि त्या निवडताना चकाकीखेरीज दुसरे काहीही पाहिले नव्हते. तेव्हा हा पाठ आधी माझा आहे. तो तुमच्यापुढे ठेवीत आहे इतकेच. मुलांनी, हा विषय मुलींचा आहे असे समजून पान उलटू नये. जो जेवतो त्याला चिरता आले पाहिजे.

माझे घर कारवारकडचे. आमच्या कोंकणी बोलीत विळीला आदोळी म्हणतात. माझी आई आजही ओट्याशी उभी राहून चिरीत नाही. जमिनीवर आदोळी मांडते, पाट गुडघ्याखाली दाबते आणि दोन्ही हातांनी भाजी पात्याकडे नेते. लहानपणी आम्हां भावंडांना तिचे एक वाक्य वारंवार ऐकावे लागे : "धार आसल्यार हात वांचता." धार असली तर हात वाचतो. लहानपणी हे उलटेच वाटे. धार असली तर हात कापतो, हे तर कोणीही सांगेल! सातवीच्या विज्ञानात दाबाचा धडा शिकले तेव्हा आईचे म्हणणे प्रथम उमगले. बल जितक्या लहान क्षेत्रफळावर पडेल तितका दाब अधिक. उत्तम धारेची कड माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही बारीक असते. अशा कडेला बोटाचा नुसता आधार पुरतो. कड बोथट झाली की तेच काम होण्यासाठी बल वाढवावे लागते, आणि वाढविलेले बल निसटल्यावर कोठे जाईल हे आपल्या हाती राहत नाही. डोळ्यांतील पाण्याचेही तसेच आहे. कांद्याच्या पेशी फुटल्या म्हणजे डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. धारदार पाते थोड्या पेशी कापते. बोथट पाते पुष्कळ पेशी चिरडते. बोथट विळीवर कांदा चिरणाऱ्याला दोनदा रडावे लागते, असे आमच्याकडे थट्टेने म्हणत.

या साधनाला आपल्या मुलखात किती नावे आहेत, पाहा. देशावर विळी, कोकणात काही ठिकाणी मोरळी, वऱ्हाड-खानदेशाकडे पावशी, आमच्याकडे आदोळी. आणि आपल्या वडगावातील कानडी घरांत ईळिगे. बंगालमध्ये असेच जमिनीवरचे पाते असते, त्याला बोटी म्हणतात. सुरी हा शब्द संस्कृत क्षुरिकेपासून आला. चाकू मात्र फारसी-तुर्कीच्या वाटेने आला, आणि पोलाद हा शब्दही फारसीच. पोलादाला मराठीत पूर्वी तिखे असे सुंदर नाव होते, ते आता कोशातच उरले आहे. मी भाषेची विद्यार्थिनी असल्यामुळे शब्दांत रमते, याबद्दल क्षमा असावी. तथापि एका शब्दापाशी थांबल्यावाचून पुढचे काही समजणार नाही. तो शब्द म्हणजे 'पाणी'. आपण पाणीदार तलवार म्हणतो, पात्याला पाणी दिले असे म्हणतो, विळा पाजवून आणला असे म्हणतो. हे पाणी कोणते, हे मला अनेक वर्षे ठाऊक नव्हते. ते ठाऊक होण्यासाठी मला आईची आदोळी नासवावी लागली.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आई आमच्याकडे वडगावला राहावयास आली तेव्हा बरोबर आपली आदोळी घेऊन आली. फणसाच्या लाकडाचा पाट, त्यावर चंद्रकोरीसारखे वळलेले काळसर पाते आणि पुढे नारळ खवण्याचे दातेरी तोंड. आईच्या लग्नाच्या आधीपासूनची ती वस्तू. धार थोडी उतरली होती. आई दगडावर घासून ती पुन्हा लावणार होती. पण तिच्या गुडघ्यांना त्रास होतो म्हणून मी मोठ्या उत्साहाने आदोळी उचलली आणि बाजारात विजेच्या चाकावर धार लावून देणाऱ्या एका माणसाकडे नेली. ठिणग्यांचा फवारा उडाला, पाच मिनिटांत काम झाले. धार अशी आली की कागद हवेत धरून कापावा. पात्याच्या कडेने मोरपिसासारखा निळा-जांभळा पट्टा उमटला होता. मला तो शोभेचाच वाटला.

आईने तो पट्टा पाहिला आणि ती काही बोलली नाही. पहिल्या दिवशी आदोळी सुंदर चालली. चौथ्या दिवशी भोपळा चिरताना पाते अडले. आठवडा संपेपर्यंत धार पूर्वीहूनही वाईट झाली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणजे काय ते आमच्या स्वयंपाकघरात रोज दिसू लागले. शेवटी आई म्हणाली, "तिचे उदक गेले." तिचे पाणी गेले.

तेव्हा मी विज्ञानाच्या शिक्षकांना विचारले, आणि त्यांनी जे समजावून सांगितले ते असे. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात कर्ब मिसळला म्हणजे पोलाद होते. खिळे, तारा, सळ्या यांच्या लोखंडात कर्ब शेकडा पाव भागाहूनही कमी असतो; चांगल्या पात्याच्या पोलादात तो साधारणपणे शेकडा ०.६ ते १ इतका असतो. फरक दिसायला एवढासा, पण त्यावर सर्व अवलंबून आहे. असे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून लालभडक केले आणि एकदम पाण्यात वा तेलात बुडविले म्हणजे त्यातील कर्बाला बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो, आणि पोलाद काचेसारखे कठीण होते. काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून लोहार ते पुन्हा मंद आचेवर किंचित तापवितो. या वेळी त्याच्यापाशी तापमापक नसतो; रंग हाच त्याचा तापमापक. घासून उजळ केलेल्या पोलादावर २२० अंशांच्या सुमारास फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा रंग चढतो; २५० च्या पुढे तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. सुरी-विळीसाठी पिवळ्या रंगावर थांबावयाचे. निळ्यापर्यंत गेले की पोलाद लवचीक होते, कमानीला ते उपयोगी; पण धार धरून ठेवण्याइतका कठीणपणा त्यात उरत नाही. पाणी देणे म्हणजे एवढी सगळी क्रिया. विजेच्या चाकावर दाबून धरल्यामुळे आदोळीची कड तापली होती, आणि तो मोरपिशी पट्टा म्हणजे पाणी उतरल्याची खूण होती. धार लावणाऱ्याचा दोष काय? मीच घाई करीत होते, आणि मधूनमधून पाते पाण्यात बुडविण्यास त्याला सांगण्याइतकी माहिती मला नव्हती.

हे ज्ञान परदेशातून आले असे मात्र समजू नका. कानडीत पोलादाला उक्कु म्हणतात. दक्षिण भारतात मातीच्या बंद मुशीत लोखंड व लाकूड एकत्र तापवून जे पोलाद काढीत, त्याला युरोपात वूट्झ असे नाव पडले. ते या उक्कुवरूनच आले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेलंगणातील कोनसमुद्रम येथील पोलाद घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. १७९४ साली मुंबईहून हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. पुढे मायकेल फॅरडेने सुऱ्या-वस्तरे करणाऱ्या जेम्स स्टोडार्ट या कारागिराच्या साहाय्याने त्याचा अभ्यास केला आणि १८२० व १८२२ मध्ये पोलादाच्या मिश्रणांवर निबंध प्रसिद्ध केले. विजेच्या धड्यात ज्याचे नाव तुम्ही पाठ करता तोच हा फॅरडे. त्याचे वडील लोहार होते.

आमची आदोळी कोणाकडे न्यावी हा प्रश्न मात्र फॅरडेने सुटणारा नव्हता. पूर्वी सुगीच्या आधी घिसाडी बैलगाड्या घेऊन येत, गावाबाहेर भाता लावीत. पुरुष सांडशीने पाते धरी आणि बाई घण घाली. ही दृश्ये आता विरळ झाली आहेत. साणेवर धार लावीत गल्लोगल्ली फिरणारे शिकलगारही क्वचितच दिसतात. त्यांची साण लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेली असे. इंग्रजीतील कोरंडम हे त्या कुरुंदाचेच भावंड. सुदैवाने आपल्या वडगाव-येळ्ळूर शिवारात अजून भात पिकते, आणि जेथे भात आहे तेथे विळे आहेत, विळे आहेत तेथे लोहार आहे. येळ्ळूरच्या वाटेवर एक म्हातारा लोहार मला मिळाला. कानडीत लोहाराला कम्मार वा कंबार म्हणतात. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी, आपल्या जिल्ह्यातील घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार यांचे आडनाव तेच.

म्हाताऱ्याने पाते उजेडात धरले, त्यावर कानस ओढली. कठीण पोलादावर कानस घसरते. येथे ती सरळ लोखंड खाऊ लागली.

"बाई, ह्याचं पाणी गेलंय की वो," तो म्हणाला. "चांगलं तिखट पोलाद हुतं. कुणी जाळलं?"

मी जाळले, असे सांगितले. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने पाचर काढून पाते पाटापासून सोडविले. मालमोटारीच्या कमानपाट्यापासून केलेले दोन नवे विळे निव्यात होते, ते बाजूला सारून त्याने आदोळीसाठी जागा केली. भट्टीपाशी पत्र्याचा आडोसा करून त्याने अंधार केला होता. मला वाटले उन्हासाठी; पण तापलेल्या पोलादाचा रंग भर उजेडात कळत नाही, यासाठी ती व्यवस्था होती. पाते लाल होताच त्याने खिशातून एक चुंबकाचा तुकडा काढून त्याला लावून पाहिला. चुंबक चिकटला नाही. "आता," असे म्हणून त्याने कडेचा भाग तेलात बुडविला. लोखंड ७७० अंशांच्या सुमारास चुंबकाला दाद देईनासे होते, हे मी नंतर पुस्तकात वाचले. त्याने ते कोठे वाचले होते, हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही. मग वाळूने घासून पाते उजळ केले, पाठीकडून निखाऱ्यावर धरले, आणि गवती पिवळा रंग पाठीकडून सरकत धारेपाशी येताच पुन्हा गार केले. हे सारे दीड तास चालले. त्या दीड तासात मी जे पाहिले ते बी. ए.च्या तीन वर्षांत पाहिले नव्हते.

बेळगावात पात्याची गोष्ट सांगताना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होणे साहजिक आहे. आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली त्यांचा जन्म झाला. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केलेल्या या उद्योजकाने प्रथम जी यंत्रे बनविली त्यांत कडबा कापण्याचे यंत्र होते. लोखंडी नांगर नंतर आला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. विळीत पाते स्थिर असते आणि वस्तू हलते. कडबा कापण्याच्या यंत्रात पाते चाकावर फिरते आणि कडबा पुढे सरकतो. विचार एकच आहे.

आता निवडीकडे वळू. विळी आणि सुरी यांत श्रेष्ठ कोण, हा वाद मला निरर्थक वाटतो. विळीत दोन्ही हात मोकळे राहतात आणि शरीराचा भार पाटावर असतो, म्हणून फणस, भोपळा, सुरमई यांसाठी तिला तोड नाही. पण खाली बसता आले पाहिजे, आणि धार आपल्याकडे तोंड करून असते याचे भान क्षणभरही सुटता कामा नये. ओट्याशी उभे राहून काम करणाऱ्यांना सुरी हवीच. खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत सुरी घ्यावयास जाल तेव्हा खिशात एक लहानसा चुंबक ठेवा. दुकानदार हसेल, हसू द्या. ताटे-वाट्या ज्या न गंजणाऱ्या पोलादाच्या करतात त्यात क्रोमियम शेकडा १८ व निकेल शेकडा ८ असते. ते चुंबकाला चिकटत नाही आणि त्याला पाणीही देता येत नाही. त्याची सुरी चकाकेल, पण धार धरणार नाही. पात्याला चुंबक चिकटला तर सुरी चांगलीच आहे असे नव्हे. न चिकटला तर मात्र ती खाली ठेवा. आमच्या खाद्यजत्रेतील सुऱ्यांना चुंबक चिकटला नव्हता. हे मी नंतर पाहिले. आधी पाहावयास हवे होते.

न गंजणारे सगळेच पोलाद टाकाऊ असते असे नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये शेकडा १२.८ क्रोमियम आणि ०.२४ कर्ब असलेले पोलाद तयार केले, आणि त्याच्या सुऱ्या व्हाव्यात असा आग्रह धरला. तेथील कारागिरांना नव्या धातूला पाणी कसे द्यावे ते प्रथम साधेना. न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून लोक ब्रेअर्लींची थट्टा करू लागले. आज मात्र तशाच जातीच्या, पण कर्ब अधिक असलेल्या पोलादाच्या उत्तम सुऱ्या मिळतात. ज्यांच्या घरी सुरी पुसून ठेवण्याची शिस्त नाही त्यांनी तीच घ्यावी. लोहाराकडच्या साध्या पोलादाला धार लवकर लागते आणि बारीक लागते, पण ते गंजते. मला विचाराल तर मी लोहाराचीच घेईन.

चुंबकानंतर पात्याची पाठ आणि कड पाहा. पाठ जाड असली तरी चालेल, पण कडेकडे ते एकसारखे निमुळते होत गेले पाहिजे. धारेच्या लगत जाड असलेली सुरी गाजर कापीत नाही, तडकविते. पात्याची शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली आणि रिव्हेटांनी पक्की केलेली असावी. नुसती टोकाशी खोचलेली असेल तर एक दिवस पाते एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात येईल. करवतीसारखे दाते असलेल्या सुऱ्या टोमॅटो छान कापतात हे खरे. पण त्यांचे दाते गेले की घरी पुन्हा लावता येत नाहीत. विळी घेताना पाट जमिनीवर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे आणि पाते हाताने हलवून पाहावे. सैल असले तर पाचर मारून मागावी.

घरी आणल्यानंतर पाते खराब होते ते बहुधा चिरण्याने नव्हे, इतर गोष्टींनी. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरणे हा पहिला अपराध. दगड आणि धातू धारेला तत्काळ दुमडतात. खाली लाकडी पाट हवा. चिरलेली भाजी पाटावरून लोटताना आपण धारेने खरवडतो. त्याऐवजी पाते उलटे करून पाठीने लोटावी. रात्री खरकट्या भांड्यांच्या ढिगात सुरी टाकून ठेवली की धारही जाते आणि सकाळी भांडी घासणाऱ्या बाईचा हातही जातो. चिंच, कोकम, कैरी, लिंबू चिरल्यावर साधे पोलाद काळे पडते. हा काळेपणा गंज नव्हे, तो राहू द्यावा. त्याने पुढचा गंज थोडा आवरतो. तांबडा गंज आला तर चिंचेच्या कोळाने व राखेने घासून लगेच धुवावे, कोरडे करावे आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. फणस चिरण्यापूर्वी पात्याला तेल लावतात ते चीक चिकटू नये म्हणून. आणखी एक सवय अलीकडे फार दिसते. गॅसच्या ज्योतीवर सुरी तापवून प्लॅस्टिकची पिशवी वा बाटली कापतात. आदोळीची हकीकत वाचल्यावर त्या सुरीचे काय होते हे मी पुन्हा सांगण्याची गरज नाही.

धार लावण्यासाठी यंत्र नको, घाई नको, आणि सपाट दगड हवा. निसणा बाजारात मिळतो. एक बाजू खरखरीत व दुसरी मऊ असलेला घ्यावा. दगड पाण्याने ओला ठेवावा, म्हणजे पाते तापत नाही आणि झिजलेले कण वाहून जातात. सुरी दगडावर किती तिरपी धरावी? वहीचा एक कागद घ्या. त्याचा कोपरा ९० अंशांचा. तो बरोबर दुमडला की ४५ आणि पुन्हा दुमडला की साडेबावीस. एवढ्या कोनाहून किंचित कमी तिरपे पाते धरले की झाले. दुमडलेला कागद दगडापाशी उभा करून पाहता येते. कोन बदलू न देता, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा रीतीने पाते फिरवीत राहावे. काही वेळाने पलीकडच्या बाजूला, पात्याच्या पाठीकडून कडेकडे बोट हलकेच आडवे नेले असता, तारेसारखी बारीक कोर लागते. कोर सबंध लांबीवर लागली म्हणजे ही बाजू झाली असे समजावे, आणि मग दुसरी बाजू घ्यावी. शेवटी मऊ दगडावर अगदी हलक्या हाताने दोन्ही बाजू आळीपाळीने फिरवून ती कोर काढून टाकावी. बोट धारेच्या दिशेने लांबवर कधीही ओढू नये. विळीच्या बाबतीत पाते पक्के असते, म्हणून दगडच हातात घेऊन पात्यावर फिरवावा. आणि वडीलधारे माणूस जवळ असल्यावाचून विद्यार्थ्यांनी हे करू नये.

रोज दगड काढण्याची आवश्यकता नसते. लोणच्याची चिनी मातीची बरणी उलटी केली तर तिच्या बुडाला झिलई नसलेली खरखरीत कड असते. तिच्यावर चार वेळा हलकेच ओढले तरी थकलेली धार ताजी होते. तपासणीसाठी केस उडविण्याचे प्रयोग नकोत. पिकलेला टोमॅटो पाटावर ठेवावा, हाताने दाबून न धरता पाते नुसते त्यावर ठेवून ओढावे. साल आपण होऊन उघडली तर काम झाले.

आणि सुरी दुसऱ्याला हातात देऊ नये. खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलावी. आमच्या घरी असे न केले तर भांडण होते म्हणतात. भांडण होवो न होवो, बोट तरी वाचते. विळीवरून उठताना ती आडवी करावी किंवा मिटणारी असेल तर मिटावी, मग दारात पोस्टमन उभा असला तरी. खंडेनवमीला आपल्याकडे माग पुजतात, मोटारी पुजतात. आई मात्र त्या दिवशी आदोळीला हळद-कुंकू लावण्यापूर्वी तिची धार पाहते.

खाद्यजत्रेतील मुलीचे बोट बरे झाले आहे. या वर्षी कांदे चिरण्यासाठी तिनेच नाव दिले, आणि सुऱ्या निवडण्यासाठी माझ्याबरोबर बाजारात आली ती चुंबक घेऊन.

आदोळी लोहाराकडून परत आली तेव्हा अर्ध्या बोटाने अरुंद झाली होती. जळलेला भाग त्याला घासून काढावा लागला होता. आईने ती उजेडात धरून पाहिली, कड पाहिली, पाट हलवून पाहिला. मग तिने सहा बांगडे घेतले, एकेकाचे डोके काढले, पोट उघडले, तुकडे केले. एकदाही हात अडला नाही. सहावा झाल्यावर तिने पाते धुतले, पदराने कोरडे केले, खोबरेल लावले, आदोळी भिंतीशी आडवी ठेवली, आणि मगच मासळीला मीठ लावण्यासाठी वळली.